बोट ट्रेलरवरून उतरवली, आता टेकवायची कशावर?

प्रश्न : आमच्या मच्छीमार संस्थेकडे गोसीखुर्दच्या जलाशयात चालणारी १६ फुटी फायबरची उघडी बोट आहे, इंजिन २५ हॉर्सपॉवरचे. ट्रेलरचा सांगाडा गंजला, तो वेल्डिंगला द्यायचा आहे. पावसाळाभर बोट गोदामामागच्या मोकळ्या जागेत राहील. कोणी म्हणतो तणसाचा थर टाका, कोणी म्हणतो चार कोपऱ्यांना विटा लावा. काय करावे?
— एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : दोन्ही नको. तणस पहिल्याच झडीत भिजून दबते आणि मग महिनोन्‌महिने बुडाला ओली पट्टी बांधल्यासारखे चिकटून राहते. फायबरवरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, असा सतत ओलीत राहिला की त्याला फोड येतात. शिवाय तणसात उंदीर घर करतात आणि उंदरांमागे साप येतो. विटांचे तर विचारूच नका. बुडाचे कोपरे हा वजन पेलायचा भागच नव्हे, आणि विटेची कड भिजून फुटली की बोट एका अंगावर जाते.

पाण्यात असताना बोटीच्या सगळ्या बुडाला पाणी उचलून धरते. जमिनीवर तेच वजन मोजक्या जागांवर येते. म्हणून वजन द्यायचे ते बुडाच्या मधल्या कण्याला. बाजूचे टेकू फक्त बोट कलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नव्हे.

१६ फुटांच्या बोटीला कण्याखाली तीन जागी ठोकळे लागतात. पहिला मागच्या फळीपासून फूट-सव्वा फूट पुढे, दुसरा मध्याच्या थोडा मागे, तिसरा जिथे कणा वर वळायला लागतो त्याच्या थोडा मागे. दोन ठोकळ्यांतले अंतर सहा फुटांपेक्षा जास्त नको. आत आडवी भिंत किंवा बाकाचा आधार असेल तर ठोकळा नेमका त्याच्या खाली आणा, तिथे बूड सर्वांत ताठ असते. वरची फळी किमान ८ इंच रुंद आणि २ इंच जाड घ्या, तिच्यावर जुन्या रबरी चटईचा तुकडा ठेवा. गोणपाट नको, ते ओल धरून ठेवते.

ठोकळे येनाच्या (ऐनाच्या) किंवा सागाच्या लाकडाचे, एकावर एक आडवे-उभे रचून. उंची फूट-दीड फूट पुरे, आणि कुठल्याही परिस्थितीत तळाच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त नको. सिमेंटचा ठोकळा चालतो, पण भरीव. पोकळ ठोकळा आडवा पडला की त्याच्या पातळ भिंती वजनाने फुटतात. काँक्रीट आणि फायबर यांच्यामध्ये लाकूड हवेच.

आता जमीन. कन्हार, म्हणजे काळी चिकण माती असेल तर इथेच खरा घोटाळा होतो. उन्हाळ्यात भेगाळलेली ही माती पाणी पिऊन फुगते, आणि सगळीकडे सारखी फुगत नाही. एक ठोकळा वर येतो, दुसरा खचतो, सगळे वजन एका बाजूच्या टेकूवर जाते. तेव्हा प्रत्येक ठोकळ्याच्या जागी दोन बाय दोन फूट, अर्धा फूट खोल माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसाने ठोका आणि वर फरशी टाका. फरशीमुळे लाकडाला उधईही सहज लागत नाही. लाकडाच्या बुडाला जळके ऑइल लावले तर आणखी बरे. पागोळ्यांखालची जागा टाळा.

उतरवताना आधी इंजिन, बॅटरी, पेट्रोलची टाकी, नांगर, जाळी सगळे बाहेर काढा. रिकामी बोट बांधणीनुसार अडीचशे ते साडेतीनशे किलो भरते. आठ-दहा माणसे असली की जोर पुरतो, पण उचलून धरायची आणि खालून ट्रॅक्टरने ट्रेलर ओढायचा हा प्रकार करू नका. कोणाचा तरी पाय जातो.

त्याऐवजी ट्रेलरच्या चाकांना दगड लावा आणि ट्रेलरचे नाक, म्हणजे ओढायचे पुढचे टोक, खाली दाबा. बोटीचा मागचा भाग उचलला जातो. तिथे कण्याखाली पहिला ठोकळा आणि दोन्ही बाजूंना टेकू बसवा. मग नाक हळूहळू वर घ्या, मागचे वजन ठोकळ्यावर उतरते. बोटीची मागची कडी दोराने झाडाला किंवा पक्क्या खुंटीला बांधा, आणि त्यानंतरच विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा, पट्टा सोडा. आता चाकांचे दगड काढून ट्रेलर हाताने, वीतभर-वीतभर पुढे ओढायचा. त्याचा शेवटचा आडवा पाइप जिथून पुढे सरकला, त्याच्या मागे लगेच पुढचा ठोकळा. शेवटी फक्त नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, भाग ट्रेलरवर उरतो. तिसरा ठोकळा आणि पुढचे टेकू बसले की ट्रेलरचे नाक आणखी थोडे उचला. त्याची मागची बाजू खाली जाते आणि तो सुटा होतो.

कुठे जॅक लावावा लागला तर तो कण्याखालीच, मध्ये जाड फळी देऊन. नुसत्या जॅकवर असलेल्या बोटीखाली हातही घालू नये.

बाजूचे टेकू चार, प्रत्येक अंगाला दोन. पाचर हाताने दाबून बसेल एवढीच घट्ट हवी. घणाने ठोकलेली पाचर बूड आत ढकलते आणि आतून ताऱ्यासारखे तडे जातात. समोरासमोरचे टेकू खालून तारेने एकमेकांना बांधले की बाहेर घसरत नाहीत. दोन-तृतीयांश भरलेली रेतीची पोतीही टेकू म्हणून छान बसतात, बुडाचा आकार घेतात. मात्र प्लास्टिकचे पोते उन्हाने फाटते, म्हणून वर झाकण हवे.

नाळेकडची बाजू ३-४ इंच उंच ठेवा आणि मागच्या फळीतले बूच काढून ते किल्लीच्या जुडग्याला बांधा. पुढे एक बादली पाणी ओतून पाहा, सगळे भोकातून बाहेर आले पाहिजे. हे कौतुकापुरते नाही. अशा बोटीचे उघडे तोंड सहा चौरस मीटर धरले, तर १०० मिलिमीटर पावसात आत ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो पाणी साचते. बोटीच्या दुप्पट वजन एका रात्रीत! पालापाचोळ्याने भोक बुजते, म्हणून आतून जाळीचा तुकडा लावा.

ताडपत्री टेकूंना कधीही बांधू नका. वावधान सुटले की ती फडफडते आणि टेकूच ओढून काढते. दोर बुडाखालून घेऊन बोटीलाच बांधा. पहिल्या मोठ्या पावसानंतर, मग दर पंधरा दिवसांनी पाचरी हाताने हलवून पाहा. एका अंगाची सैल आणि दुसऱ्या अंगाची जाम झाली, तर जमीन खचली आहे.

प्रश्न : माझी १४ फुटी बोट दोन वर्षे उन्हातच दोन टायरांवर ठेवलेली होती. यंदा पाण्यात टाकली तर नाळ खाली दाबून चालते, वेगही कमी झाला. इंजिन तपासले, ठीक आहे.
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : इंजिनापेक्षा बुडावर संशय घ्या. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात फायबर तापते, आणि सततचा दाब एकाच जागी राहिला की हळूहळू तोच आकार धरते. टायर मागच्या फळीच्या बराच पुढे असेल आणि फळीवर इंजिन लटकत असेल, तर मधल्या बुडाला बाक येतो. मागची कड खाली वळते, पाणी तिच्यावर आदळून मागची बाजू उचलते आणि नाळ दबते.

पाच फुटांची सरळ पट्टी मागच्या फळीपासून पुढे, कण्याच्या बाजूने बुडाला लावून पाहा. पट्टी आणि बूड यांच्यामध्ये ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर बाक आहे. दोन्ही अंगांना मोजा. बाक थोडा असेल तर इंजिन काढून मागच्या फळीखालीच आधार द्या आणि बोट सावलीत काही आठवडे राहू द्या. काही भाग आपोआप परत येतो. आतल्या लांब पट्ट्या सुटल्या असतील किंवा दाबल्यावर बूड कटकट वाजत असेल, तर फायबरच्या कारागिराशिवाय इलाज नाही. टायरांत साचलेले पाणी डासांचे घर होते, तेही ओतून टाका.

प्रश्न : इंजिन नसलेली १० फुटी नाव पालथी ठेवली तर?
— एक वाचक, ता. रामटेक, जि. नागपूर

उत्तर : चालते, आणि पाणी साचण्याचा प्रश्नच मिटतो. दोन आडव्या फळ्यांवर वरच्या काठांनी टेकवा, जमिनीपासून अर्धा फूट उंच, वारा खालून खेळेल एवढी. दोर वरून टाकून दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना बांधा, नाहीतर हलकी नाव वाऱ्याने उलटते. मोठ्या, जड बोटीला मात्र हे करू नका. वरचे काठ तेवढे वजन पेलण्यासाठी बनवलेले नसतात. आणि दिवाळीनंतर उलथताना हात घालण्याआधी काठीने ठोका, आत गांधीलमाशांचे पोळे असू शकते.