जुन्या पंप-अप छर्ऱ्याच्या पिस्तुलात हवा टिकत नाही. दुरुस्त करावं की शोभेला ठेवावं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: जुन्या सामानात बेंजामिन 137, म्हणजे बेंजामिन कंपनीचं हाताने पंप मारून हवा भरायचं छर्ऱ्याचं पिस्तूल सापडलंय, काळा रंग जागोजागी उडालाय, आठ-दहा पंप मारून चाप ओढला तर नुसतं 'टक्' होतं, आणि त्याचा इतिहासही तुम्हाला हवाय. माझं मत विचाराल तर दुरुस्त करा. माझ्याकडे याच घराण्यातली दोन पिस्तुलं आहेत. त्यांत कायमचं बाद होण्यासारखं फार थोडं असतं. नळी पितळेची, हवेची टाकीही पितळेची. खराब होतात ती सीलं, आणि ती बदलता येतात.

पण आधी त्या 'टक्'चा अर्थ लावा. तो दोन कारणांनी येतो आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक म्हणजे आत हवाच नाही. दुसरं म्हणजे हवा इतकी कोंबलीय की घोड्याच्या (चाप ओढला की व्हॉल्व्हवर आदळणाऱ्या भागाच्या) ठोक्याने व्हॉल्व्ह उघडतच नाही. पंपाचा दांडा शेवटपर्यंत हलका चालत असेल तर पहिलं कारण. प्रत्येक फेरीला जड होत गेला असेल तर दुसरं, आणि मग ते पिस्तूल या क्षणी भरलेलं आहे. छर्रा न घालता, सुरक्षित दिशेला धरून घोडा पुन्हा पुन्हा चढवा आणि सोडा, थोडी थोडी हवा निघत जाईल. नाहीच निघाली तर छर्रा न घालता सुरक्षित जागी ठेवून द्या, जुनी सीलं आपणहून हवा सोडतात. तोवर स्क्रूला हात लावू नका.

हवाच नसेल तर पहिला संशय पंपाच्या वॉशरवर. सायकलच्या जुन्या पंपात जो वाटीसारखा चामडी वॉशर असतो, तोच प्रकार इथे आहे. काही मॉडेलांत चामड्याचा, काहींत रबरी किंवा प्लास्टिकचा. चामडं वाळलं की आक्रसतं आणि हवा बाजूने निसटते. पंपाचा दांडा पूर्ण उघडा, आतल्या वॉशरवर तेलाचे दोन-चार थेंब सोडा, पिस्तूल रात्रभर तसंच राहू द्या. अनेक 'मेलेली' पिस्तुलं एवढ्यानेच उठून बसतात. तेल मात्र योग्य हवं: क्रॉसमन या एअरगन कंपनीचं पेलगन ऑइल, किंवा डिटर्जंट नसलेलं साधं 20 वा 30 नंबरचं मोटार ऑइल. डब्ल्यूडी-40 नको. ते पातळ असतं, उडून जातं, मागे चिकट थर सोडतं, आणि काही जुन्या सीलांना मानवत नाही. लोक नेमकं तेच मारतात, कारण तो डबा घरात असतो.

तेलाने फरक पडला नाही तर गळती कुठे आहे ते शोधा. पंप मारल्यावर दांडा स्वतःहून उघडू लागला, तर टाकीतली हवा उलटी फिरून पंपात येतेय, म्हणजे आत घेणारा व्हॉल्व्ह धरत नाहीये. नळीतून फुसफुस येत असेल तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गळतोय. ते बघायला नळीच्या तोंडाशी कान नेऊ नका. छर्रा घातलेला नाही याची खात्री करून तोंडावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरा, फुगा फुगला तर उत्तर मिळालं. आणि हो, घोडा न चढवता पंप मारत असाल तर आधी तो चढवून बघा. जुन्या अनेक पिस्तुलांत घोडा व्हॉल्व्हच्या दांडीवर टेकून राहतो, त्यामुळे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि हवा भरतच नाही. फक्त मग पंप मारताना बोट चापापासून लांब ठेवायचं.

व्हॉल्व्हचं काम निघालं तर ते जाणकाराकडे द्या, निदान पहिल्या वेळी तरी. आतली नट खाचांची असते आणि तिला त्याच मापाची नळीसारखी किल्ली लागते. स्क्रूड्रायव्हर तिरका घालून फिरवाल तर पितळ ओरबाडलं जाईल. सील-किट मिळतात, फक्त मॉडेलचा नेमका नंबर बघून घ्या. एक गोष्ट अजिबात करू नका: अडकलेला भाग सुटावा म्हणून आच देणं. नळी आणि टाकी डाखाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात, तो डाख वितळला की सगळंच गेलं.

रंगाबद्दल मी जरा हट्टी आहे. काळ्याखाली निकेलचा मुलामा आहे आणि त्याखाली पितळ. उडालेल्या कडांतून तीनही थर दिसतात आणि संग्राहकांना नेमकं तेच हवं असतं. बफ मारून चकचकीत केलेलं पिस्तूल माझ्या लेखी निम्मं संपलं. तेलाचं फडकं फिरवा, बस्स. नळीत पोलादी ब्रश घालू नका, आणि पोलादी गोळ्या म्हणजे बीबी तर नकोच. 137 च्या पितळी नळीत आतून आटे (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा) आहेत, ते मऊ शिशाच्या 0.177 इंची म्हणजे 4.5 मिमीच्या छर्ऱ्यांसाठी आहेत. छर्रे हाताळल्यावर हात धुवा.

ठीक झाल्यावर ताकदीच्या मागे लागू नका. प्रत्येक पुढचा पंप आधीच्यापेक्षा कमी वेग वाढवतो आणि सांध्यांवर ताण मात्र जास्त देतो. कागदी निशाण्याला तीन-चार पंप भरपूर होतात. महत्त्वाचं हे की दर वेळी तेवढेच मारा, कारण पंप बदलले की छर्रा लागण्याची जागाही वरखाली होते. दांडा बंद करताना शेवटचा टप्पा जड असतो आणि तिथे बोटं सापडतात, म्हणून दांडा टोकाकडे धरा.

ठेवून देताना टाकीत एक पंप हवा राहू द्या, त्यामुळे व्हॉल्व्ह दाबून बसतात आणि आत धूळ जात नाही. छर्रा मात्र कधीच नाही. हवा आहे म्हणजे पिस्तूल भरलेलं आहे असं धरून कुलपात ठेवायचं. हे खेळणं नाही, कमी पंपांवरही डोळा जाऊ शकतो, त्यामुळे निशाणा मारणाऱ्याने आणि शेजारी उभ्या असणाऱ्यानेही चष्मा घालावा. तुमच्या भागात एअर पिस्तुलाचे नियम काय आहेत ते पहिला छर्रा आणण्याआधी बघून घ्या.

इतिहासाचंही विचारलंय म्हणून थोडक्यात: बेंजामिन मूळची अमेरिकेतल्या सेंट लुईसची. 1977 मध्ये तिने रसीन गावच्या शेरिडन या एअरगन कंपनीला विकत घेतलं आणि 1992 मध्ये दोन्ही क्रॉसमनकडे गेल्या. क्रॉसमनचं स्वतःचं 1377 हे पंप-अप पिस्तूल आलं तेही 1977 सालीच. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बेंजामिन पिस्तुलांत पंपाची दांडी नळीखालून पुढे निघायची आणि ती कशावर तरी टेकवून दाबावी लागे. तसं एखादं मिळालं तर आनंदाने घ्या, पण पंप मारताना नळीचं तोंड कुठे आहे याचं भान दुप्पट ठेवा.

एका बाबतीत मात्र मी दुरुस्ती सुचवणार नाही. नळी आणि टाकीमधला डाख कुठे सुटलेला किंवा तडकलेला दिसला, तर त्यात हवा भरू नका. ते पिस्तूल मात्र खुशाल भिंतीवर लावा.