वीसच्या फाशावर घरचे नियम लावताना

‘डी अँड डी’ (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) खेळताना आपल्या गटापुरते घरचे नियम लावायचे असतील, तर एकदम दहा नियम बदलू नकोस, भावा. एकच घे, तीन-चार लढाया खेळवून बघ, मग पुढचा.

‘एक पडला की तलवार हातातून निसटते’ हा नियम सगळ्यांनाच सुचतो आणि तोच सगळ्यात जास्त फसतो. प्रत्येक वाराला टाकायच्या वीस बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता ५ टक्के. पण ‘डी अँड डी’च्या पाचव्या आवृत्तीत विसाव्या पातळीचा योद्धा एका पाळीत चार वार करतो, त्यात निदान एकदा एक पडण्याची शक्यता १८.५ टक्के. म्हणजे नवख्यापेक्षा पट्टीचा लढवय्याच जास्त धडपडणार! ठेवायचाच असेल तर पाळीतल्या पहिल्या वारापुरता ठेव.

वीस पडल्यावर घावाचा फासा दोनदा टाकण्याऐवजी ‘एका फाशाचे पूर्ण गुण अधिक दुसरा फासा’ धरलास, तर आठ बाजूंच्या फाशाची सरासरी ९ वरून १२.५ वर जाते. पोरं खूश. पण हाच नियम गॉब्लिनलाही (खेळातला छोटा राक्षस) लागतो: त्याचा घाव सहाचा फासा अधिक २, म्हणजे वीस पडल्यावर किमान ६ + १ + २ = ९. पहिल्या पातळीचा ८ प्राणगुणांचा मांत्रिक हमखास आडवा.

वीसऐवजी सहा बाजूंचे दोन फासे घेणार असशील तर बोनस (फाशात मिळवायचे जादा गुण) निम्मे कर. तिथे +१ मुळे ८ ऐवजी ७ पुरले, की यश ४१.७ वरून ५८.३ टक्क्यांवर जातं. वीसच्या फाशावर +१ म्हणजे फक्त ५ टक्के.

सोलापुरी चादर अंथरून खेळत असाल तर ती ताणून घ्या, सुरकुतीत फासा तिरका राहतो. तिरका पडला की पुन्हा टाकायचा, हे खेळाआधीच ठरवा. आणि शेंगाचटणीचे हात आधी पुसा.