पोळी बाजूला ठेवा, कागदाची पट्टी घ्या

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. १/३ मोठा की १/४, असं विचारलं की ती १/४ म्हणते, कारण तिनापेक्षा चार मोठे! पोळीचे तुकडे करून दाखवले की तेवढ्यापुरतं कळतं, वहीत पुन्हा तेच. मी चिडते, ती रडते. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी आठ दिवस वही मिटून ठेवा. मुलगी आळशीपणाने चुकत नाहीये. तिनापेक्षा चार मोठे, हे आपणच तिला पहिलीपासून शिकवलं. तेच चार रेघेखाली गेले की उलटं का होतं, हे तिच्या हाताला अजून कळलेलं नाही.

पोळी मीही वर्गात पुष्कळ वर्षं वापरली, मग सोडली. गोल पोळीचे चार भाग सहज होतात. तीन सारखे भाग मोठ्यांनाही जमत नाहीत. त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापा. एक अख्खी ठेवा. बाकीच्यांना घड्या घालून दोन, तीन, चार, सहा भाग करायचे. २४ अशासाठी, की घडी बरोबर आली का ते तिला फूटपट्टीने स्वतः ताडता येतं : १२, ८, ६, ४.

घड्या तिनेच घालायच्या. तिनाची घडी पहिल्यांदा हमखास फसते. दोन भाग सारखे, तिसरा तोकडा. तेव्हा तुमचा हात पुढे जाऊ देऊ नका. माझ्या वर्गातल्या एका मुलाने चार पट्ट्या वाया घालवल्या आणि मान वर करून म्हणाला, “बाई, भाग वाढवले की तुकडा बारका होतो!” मी ते फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. त्याला ते त्या दिवशी सापडलं.

आणि घरात आपले शब्द वापरा. ‘तीन छेद चार’ म्हटलं की मुलाला दोन आकडे दिसतात, ‘पाऊण’ म्हटलं की एकच संख्या. आम्ही पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, पाठ केले. ते पाठांतर गेलं याचं मला दुःख नाही, पण पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द मुलांच्या कानावरून जाणं थांबतंय, याचं फार वाटतं. तिला पाव किलो रवा आणायला पाठवा. पाव किलो अर्ध्या किलोपेक्षा कमी, हे तिला दुकानात पक्कं ठाऊक असतं; तो पाव म्हणजेच वहीतला १/४, एवढं जोडून द्यायचं राहिलेलं असतं.

मग कपडे वाळत घालायच्या दोरीवर सारख्या अंतरावर ०, १ आणि २ च्या चिठ्ठ्या चिमट्याने लावा. अर्धा, पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन तिला लावू द्या. चुकली तर पट्ट्या हातात द्या, उत्तर नको. १/३ ची चिठ्ठी सगळ्यात शेवटी. ती तिने पाव आणि अर्ध्याच्या मध्ये लावली, की वही उघडा.