वाचक विचारतात : टीटीवर साडेपाच लाख घालावेत का?

प्रश्न : नमस्कार काका. आमचं जालन्यात सळईचं होलसेल दुकान आहे. मागच्या दिवाळीत पुण्याहून २०१६ची ऑडी टीटी घेतली, ४५ टीएफएसआय क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी. मी तिसरा मालक, गाडी ४८,००० किलोमीटर चाललेली. दुकानात नेत नाही. रविवारी समृद्धीवर जातो, कधी वेरूळवरून कन्नडकडे, सणासुदीला मंठा-जिंतूरमार्गे नांदेडला सासरी. पुण्याच्या एका ट्यूनरने यादी दिलीये : रीमॅप, डाउनपाइपसकट एक्झॉस्ट, लोअरिंग स्प्रिंग, १९ इंची अलॉय आणि मागे मोठा फिक्स विंग. सगळं मिळून साडेपाच लाख. २३० पीएसची (साधारण अश्वशक्तीच) गाडी ३०० पीएसवर जाईल म्हणतो. गाडीत काय कमी आहे ते नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी करावंसं वाटतं. वडील म्हणतात पैसे पाण्यात जातील. तुम्ही सांगाल तसं करतो.
— एक वाचक, जालना

उत्तर : मराठवाड्यात स्पोर्ट्स कार कशाला, असं विचारणारे मला गॅरेजवर कायम भेटत आले. तो प्रश्न मला आवडत नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत २०१० साली उद्योजकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हाही बाहेरची माणसं असंच विचारत होती. स्वतःच्या कष्टाच्या पैशातून चांगलं यंत्र घ्यावं आणि जिवापाड सांभाळावं, यात मला आनंदच वाटतो. तुमच्या वडिलांनाही हे सांगा. पण ट्यूनरची यादी तुमच्या रस्त्यांसाठी बनलेली नाही, हेही तितकंच खरं आहे.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ म्हणजे काय कमी आहे ते सांगता येत नाही ही. ब्रेक लागताना विश्वास वाटत नाही, दुसऱ्या गिअरला गाडी अडखळते, वळणावर मागची बाजू हलते, असं काही असतं तर मी लगेच उपाय सांगितला असता. नाव नसलेल्या उणिवेवर साडेपाच लाख खर्च झाले की ती उणीव तशीच राहते, हे मी बऱ्याच गिऱ्हाइकांच्या बाबतीत पाहिलंय.

आता रीमॅपचं बघू. टर्बो किती हवा दाबणार, ठिणगी किती अंश आधी पडणार, पेट्रोल किती जाणार, याचे तक्ते गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. ट्यूनर ते बदलतो. तुमच्या दोन लिटर इंजिनातून ३०० पीएस निघतात, तो खोटं बोलत नाही. ही जास्तीची ताकद येते कुठून, ते समजून घ्या. कंपनी तक्ते आखताना हाताशी थोडं राखून ठेवते : पेट्रोल हलकं मिळालं तर, हवा तापलेली असली तर, गिअरबॉक्सवर सतत ताण आला तर. दुष्काळी भागातला शेतकरी कणगीच्या तळाचं धान्य काढत नाही, तसंच हे. रीमॅप त्या तळाला हात घालतो.

जर्मनीत गार हवेत, ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर हे चालून जातं. आपल्याकडे मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३-४४ला टेकतो, डांबराजवळची हवा त्याहून तापलेली. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण बाहेरचीच हवा गरम असेल तर तो तरी किती करणार? मग पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका नॉक सेन्सरला जाणवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो. म्हणजे पुण्यात सकाळी ताकद मोजायच्या मशीनवर दिसलेले ३०० पीएस नांदेडच्या रस्त्यावर दुपारी उरत नाहीत. उरतो तो इंजिनावरचा ताण. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. म्हणून बदललेल्या तक्त्यांची फाइल कोणत्या पेट्रोलवर बेतलीये हे ट्यूनरला विचाराच. तुम्ही सासरी जाताना ज्या पंपावर थांबता तिथे जे मिळतं, त्यावर बेतलेली फाइल त्याच्याकडे नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

लोअरिंग स्प्रिंगला माझा साफ नकार आहे. जालना ते नांदेड बराचसा पट्टा काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर उठतो-बसतो. मंठ्याच्या पुढे चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावरसुद्धा गाडी लांब लाटांवर चढते-उतरते, ते यामुळेच. अशा लाटेवर चाकाला खाली-वर जायला जागा लागते. स्प्रिंग आखूड केली की तीच जागा जाते, शॉकप तळाला आदळतो, आणि लाट नेमकी वळणावर आली तर टायर क्षणभर रस्ता सोडतो. गावोगावचे स्पीड ब्रेकर हा तर वेगळाच विषय. टीटी मुळातच बसकी आहे. १९ इंची चाकांचंही तेच. रबराची उंची कमी झाली की खड्ड्यात टायरची बाजू फाटते किंवा रिम वाकते. १८ इंचीच ठेवा.

फिक्स विंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या गाडीचा इतिहास त्यात आहे. १९९८ साली पहिली टीटी आली ती गोलसर, मागे स्पॉयलर (वेगात मागची बाजू हलकी होऊ न देणारी पट्टी) नसलेली. युरोपात भन्नाट वेगात लेन बदलताना, वळणावर तिची मागची बाजू हलकी होऊन अपघात झाले. मग कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं, इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा दिली. तुमच्या गाडीतला स्पॉयलर १२० किलोमीटरला आपोआप वर येतो तो या धड्यातून आलेला. समृद्धीवरची मोटारींची मर्यादाही १२०च आहे. म्हणजे कायद्यात राहून चालवताना जेवढं लागतं तेवढं गाडी स्वतःच करते. त्या जागी कुणीतरी अंदाजाने बनवलेला विंग लावला तर पुढचा-मागचा तोल बदलतो, आणि तो मोजायला आपल्याकडे वाऱ्याचा बोगदा नाही. हात लावू नका.

एक्झॉस्टमध्ये डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा धुराचा पाइप, बदलणं म्हणजे बहुतेक वेळा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं. त्यातून निघणारा धूर तुमच्याच गल्लीतली पोरं छातीत घेणार. कायदाही बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुरासाठी कलम १९० वेगळं, तिथे दंड १०,०००पर्यंत जातो. दंड तुम्ही भराल हो. मला काळजी विम्याची आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला, तर लाखांचा क्लेम अडकतो. काहीही बदलायचं तर आधी विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद घ्या.

मग करायचं काय? गाडी २०१६ची आहे आणि दोन मालक होऊन आलीये. ती नवी असताना कशी चालत होती हे तुम्ही अनुभवलेलंच नाही. माझी खात्री आहे, तुम्हाला जे 'काहीतरी' खुपतंय ते बऱ्याच अंशी झिजलेल्या रबरात आणि जुन्या तेलात आहे.

टायरपासून सुरू करा. टायरच्या बाजूवर छापलेल्या DOT या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे बघा. ३४१९ असेल तर २०१९चा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, इतक्या वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ते नको. २४५/४० मापाचे चारही टायर एकाच कंपनीचे घ्या. क्वाट्रोला पुढे एक, मागे एक चालत नाही. त्यानंतर ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दोन वर्षांत त्याचा उकळबिंदू खाली येतो. कन्नडचा औट्रम घाट उतरताना पेडल मऊ लागलं असेल तर कारण हेच. डॉट ४ ऑइल आणि चांगले पॅड घातले की दुसऱ्याच दिवशी गाडी वेगळी वाटेल. गिअरबॉक्स तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, त्याचं तेल आणि फिल्टर ६०,०००ला बदलायचं असतं. आधीच्या मालकाचा कागद नसेल तर आत्ताच करून टाका. क्वाट्रोच्या मागच्या कपलिंगचं तेलही बदला आणि त्याच्या पंपाची जाळी काढून साफ करायला सांगा. ही जाळी बहुतेक जण विसरतात. ती तुंबली की मागच्या चाकांना ताकद जात नाही आणि मालकाला पत्ताही लागत नाही. पुढचे कंट्रोल आर्मचे बुश, इंजिनाची फाउंडेशन, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं हाउसिंग तपासा. कूलंटची पातळी हळूहळू उतरत असेल तर तिथूनच. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट. हे सगळं माझ्या अंदाजाने दीड-दोन लाखांत बसतं.

हे झालं की एक पावसाळा आणि एक उन्हाळा गाडी चालवा. तरीही पिकअप कमी वाटला, तर मोठा इंटरकूलर आधी आणि त्यानंतर सौम्य रीमॅप, या क्रमाने जा. मूळ फाइल जपून ठेवा. ५.३ सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीला आपल्या रस्त्यांवर त्याहून जास्त लागेल असं मला वाटत नाही. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या सर्किटवर जायचं तुमच्या मनात असेल तर मला पुन्हा लिहा. तिथला हिशेब वेगळा आहे आणि नेहमीचा विमाही तिथे लागू होत नाही.

आणि एक. टीटी आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात कधी जुळली नाही, ती हंगेरीतल्या ग्योरहून तयार येत होती. नोव्हेंबर २०२३मध्ये तिथलं उत्पादनही थांबलं. यापुढे चांगल्या स्थितीतल्या टीटी कमीच होत जाणार. घेणारा जाणकार असला तर तो मूळ रूपातली गाडी शोधतो, दुसऱ्याच्या आवडीने बदललेली नाही. मॉडिफिकेशनचे पैसे विकताना परत मिळत नाहीत, हे वडिलांचं म्हणणं मात्र खरं आहे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडे जुनी पोलो जीटी टीएसआय आहे. मित्रांनी रीमॅप केलं म्हणून हाही मागे लागलाय. 'आई, गाडी पळायलीच नाही' म्हणतो. मला यातलं कळत नाही. पैसे द्यावेत का?
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, आत्ता देऊ नका. त्या गाडीचा सात गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स कोरड्या क्लचचा आहे. इंजिनाचा जोर (टॉर्क) १७५ न्यूटन मीटर आणि बॉक्सची मर्यादा २५०, म्हणून ट्यूनर म्हणेल की रीमॅपनंतरही आपण मर्यादेच्या आत आहोत. कागदावर ते बरोबर आहे. पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच पुढे सरकताना तो कोरडा क्लच घासत राहतो आणि तापतो. त्याला थंड करायला तेल नाही. क्लच आणि गिअर बदलणाऱ्या मेकाट्रॉनिक युनिटचा खर्च निघाला तर मुलाची वर्षाची फी जाईल.

'पळायलीच नाही' यामागे मात्र काही तरी असू शकतं, त्याचं म्हणणं उडवून लावू नका. स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि टर्बोचे होज तपासायला सांगा. होजला बारीक चीर गेली की दाब गळतो आणि गाडी खरोखर मरगळते. तो दिवाळीला घरी आला की त्याच्या शेजारी बसून औशाच्या रस्त्याला एक चक्कर मारा. तो पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो, ओव्हरटेक करताना घाई करतो का, हे तुम्हाला मेकॅनिकपेक्षा जास्त कळेल. त्यावरून ठरवा. आणि पैसे द्यायचेच असतील तर चांगल्या टायरला द्या.

प्रश्न : लाल कूपेला मॅट काळं रॅप केलं तर आरटीओला सांगावं लागतं का? रंग तर लावलेला नाही, नुसती फिल्म आहे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : सांगा. नोंदणी पुस्तकात रंग लिहिलेला असतो, आणि रस्त्यावर थांबवणारा अधिकारी आतला पत्रा खरवडून बघणार नाही. त्याला लाल लिहिलेली गाडी काळी दिसते. आधी आरटीओकडे अर्ज, मग रॅप, आणि विमा कंपनीलाही एक ओळ. रॅप करणाऱ्याला विचारून घ्या की जिथे पूर्वी पुन्हा रंगकाम झालंय त्या भागावर तो काय करणार आहे. तिथे फिल्म काढताना रंग सोबत निघून येतो. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर आपल्या उन्हात छतावरची आणि बॉनेटवरची फिल्म सगळ्यात आधी खराब होते, तेवढ्या भागाची वॉरंटी वेगळी लिहून घ्या.