रिपोर्ट नॉर्मल, मग इंजेक्शन कशाला?

डायलिसिसच्या पेशंटकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की आता तो लिहूनच काढावा. घरातलं कुणीतरी रक्तातल्या ‘एरिथ्रोपोएटिन’ची तपासणी करून आणतं. हा घटक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतो आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावतो. रिपोर्टमध्ये पातळी नॉर्मल, आणि इंजेक्शनही त्याचंच. संशय येणारच.

एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले एक काका असाच कागद घेऊन आले. पातळी 14, शेजारी छापलेली मर्यादा 4 ते 24. हिमोग्लोबिन मात्र 7.8.

“मॅडम, हे नॉर्मलच आहे ना? मग पोराचे पैसे कशाला घालवायचे?”

अशा वेळी लगेच मूत्रपिंडाचं चित्र काढायला बसू नये. माणसाला जे आधीच ठाऊक आहे, तिथूनच त्याला उत्तर सापडतं.

“काका, पंढरपूरला रोज किती गाड्या सोडायचात?”

“आठ.”

“आणि आषाढीला?”

“आषाढीला आठ? लोकांनी डेपो डोक्यावर घेतला असता!” ते हसले आणि थबकले. कागदाकडे बघत राहिले. “म्हणजे इथं आषाढी चालू आहे आणि सुटताहेत त्या रोजच्याच आठ.”

यापेक्षा नेमकं कुणी सांगू शकलं नसतं. 4 ते 24 ही मर्यादा रक्त पुरेसं असलेल्या माणसाची. मूत्रपिंडं धड असताना हिमोग्लोबिन 7.8 वर आलं, तर हीच पातळी सहज शंभरावर जाते. काकांची 14 वरच अडली, कारण जादा गाड्या सोडणारा डेपोच बंद पडत चाललाय. म्हणून डायलिसिसवर ही तपासणी सहसा करू नये. तेच पैसे फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या शरीरातलं लोह दाखवणाऱ्या तपासण्यांवर घालवावेत.

खरी गाठ मात्र पुढे सुटली. इतका वेळ गप्प असलेल्या काकू म्हणाल्या, “फ्रीजमध्ये चार सुया तशाच पडल्यात.” काका एक डोस घ्यायचे, एक चुकवायचे. ‘नॉर्मल’ हा शब्द त्यांना कागदावर हवा होता, मुलाचा खर्च वाचवायला. प्रश्न औषधाचा नसून ओझं होण्याचा होता, आणि तो काकांच्या तोंडून कधीच आला नसता. मुलाला बोलावलं, खर्चाचा हिशेब तिघांसमोर मांडला. त्यानंतर डोस चुकला नाही.

त्या चार सुया कुठे होत्या? फ्रीझरला चिकटून. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं. गोठलं की ते टाकूनच द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. जोरात हलवायचंही नाही. प्रवासात बर्फाची पिशवी चालते, पण मध्ये कापडाची घडी हवी.

डोस नियमित झाले तरी हिमोग्लोबिन हलेना. फेरिटिन 90, सॅच्युरेशन 14 टक्के, म्हणजे लोहच कमी. गाड्या सोडल्या, डिझेलच नाही! या आजारात गोळीतलं लोह आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून डॉक्टरांनी डायलिसिसच्या वेळी शिरेतून 100 मिलिग्रॅम लोह दिलं, असं दहा वेळा. लोह पुरेसं असूनही आकडा हलत नसेल तर कॅथेटरचा (डायलिसिससाठी शिरेत घातलेल्या नळीचा) जंतुसंसर्ग, कमी पडणारं डायलिसिस, कुठून रक्त जातंय का, पॅराथायरॉइड ग्रंथीचा बिघाड, बी12 जीवनसत्त्वाची कमतरता हे सगळं बघावं लागतं. नुसता डोस वाढवत नेऊ नये.

“मग सरळ रक्तच चढवा की,” असंही घरचे म्हणतात. पुढे प्रत्यारोपण करायचं असेल तर शक्यतो नको, कारण दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होतं.

तिसऱ्या महिन्यात काकांचं हिमोग्लोबिन 10.4 झालं. आता त्यांना 13 हवं होतं. नाही म्हणावं लागलं. या इंजेक्शनांनी 13 पर्यंत नेलेल्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसलाय, म्हणून साधारण साडेअकराच्या पुढे न्यायचं नाही. दोन आठवड्यांत एकापेक्षा जास्त चढलं तरी डॉक्टर डोस कमी करतात. रक्तदाब चढतो, म्हणून टोचण्याआधी तो मोजायचा. काकांनी डायलिसिसच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखलाय, लाल पेनाने.