ख्रिस्ती माणसाने खाण्यावर ताबा कसा ठेवावा?

तुमचा प्रश्न असा, की प्रार्थना करूनही जेवताना हात आवरत नाही, उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) चार दिवस जमतं आणि मग सुटतं, तर काय करावं. सांगते. पण आधी आपल्या किनाऱ्यावरच्या एका वाक्याबद्दल बोलू द्या, कारण त्याच्याशी माझा जुना वाद आहे: ‘शुक्रवारी मासे चालतात.’

नियमाने चालतात, हे खरं. कॅथलिक धर्मसंहितेत (कलम १२५१) शुक्रवारी मांस वर्ज्य आहे आणि मासळी मांसात धरत नाहीत. पण मांस म्हणजे सणाचं जेवण, हे त्या नियमामागे गृहीत आहे. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत सणाचं जेवण म्हणून लोक काय आणतात? सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी. मटण सोडायचं आणि त्याहून महाग पापलेट आणायचं, याला त्याग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बांगडा आणा, तोही माणशी एक. नाहीतर त्या दिवशी डाळ-भात करा.

पोप संत ग्रेगरी (कारकीर्द इ. स. ५९० ते ६०४) यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणं, भारीच हवं असणं, अति खाणं, अधाशासारखं खाणं आणि चवीचे चोचले करणं. आपण फक्त ‘अति’ मोजतो. बाकीचं तव्यापाशीच होऊन जातं. रव्यात घोळवलेली सुरमई चुरचुरते, कडा तांबूस होतात आणि पहिली तुकडी ‘मीठ बघायला’ म्हणून उभ्या उभ्याच तोंडात जाते, बोटं पोळली तरी. जेवणाआधीची प्रार्थना अजून व्हायचीच असते. मग आणखी एक मोडलेली तुकडी, ‘ही काय ताटात वाढायची’ म्हणून. ताटावर बसेपर्यंत दोन तुकड्या पोटात गेलेल्या असतात आणि त्या कुणी मोजतच नाही.

म्हणून ताबा ठेवायचा तो मासे तळायच्या आधी. मसाला माशाला लावण्यापूर्वीच जिभेला लावून मीठ बघा, म्हणजे तव्यापाशी निमित्त उरत नाही. माणशी दोन तुकड्या मोजून तळा. बाकीच्या मसाल्यासकट फ्रिजमध्ये ठेवा, तळून झाकून ठेवू नका. तळलेलं घरात आहे हे माहीत असलं की रात्री दहाला झाकण उघडतंच. भाताचं पातेलं ताटाशेजारी आणू नका, ओट्यावरच राहू द्या. पहिलं वाढलेलं संपलं की हात थांबवा. पोट भरल्याची जाणीव यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि आपण दहा मिनिटांत दोनदा भात घेऊन मोकळे होतो. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) आत्म्याच्या फळाच्या यादीत इंद्रियदमन शेवटी येतं. ते देवाकडे मागायचंच, पण समोर भरलेलं पातेलं ठेवून मागू नये.

चार दिवसांनी सुटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा वेळापत्रकात असतं. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं चालतं, तेही दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढं होऊ नये. लोक सकाळ-दुपार काहीच घेत नाहीत, संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) करून येतात आणि आठ वाजता दोन दिवसांचं जेवतात. त्यापेक्षा पूर्ण जेवण दुपारी ठेवा आणि रात्री पेज घ्या. एक वाटी उकड्या तांदळाला सात वाट्या पाणी, मंद आचेवर पाऊण तास, मीठ शेवटी. ही चौघांना पुरते. गरम असल्यामुळे ती भराभर पोटात ढकलता येत नाही. मात्र तिच्यासोबत खारवलेला सुका बांगडा दोन-तीन घेतलात तर तासाभरात तहान लागेल, तिलाच भूक समजाल आणि बिस्किटांचा डबा उघडाल. लोणच्याची एक फोड पुरे.

पाहुणे म्हणून गेलात तर उपवासाचं प्रदर्शन नको. उपवास करताना तोंड उतरवून लोकांना दाखवू नका, असं मत्तय ६:१६ सांगतो. आपल्याकडे ‘अजून एक वडा घ्या’ म्हटल्याशिवाय यजमानाचं समाधान होत नाही. म्हणून पहिल्यांदाच अर्धं घ्या, म्हणजे आग्रहाचं दुसरं वाढप आनंदाने घेता येतं. खरी परीक्षा ईस्टरनंतर, एप्रिल-मेच्या लग्नांत असते, कारण तिथे कुणी नियम सांगायला नसतो.

आता पैसे. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लिखाणात उपवासाची रीत अशी सांगितली आहे: न खाल्लेल्या अन्नाची किंमत काढायची आणि ती विधवेला, अनाथाला द्यायची. यशया ५८:७ मध्येही उपवास म्हणजे भुकेल्याला आपलं अन्न वाटून देणं. पापलेट आणि बांगडा यांच्या भावातला फरक बाजारातून आल्या आल्या डब्यात टाका. रात्रीवर ठेवलं तर तो खर्चून जातो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. उपवासाचा नियम १८ ते ५९ वयासाठी आहे, मांस वर्ज्य करण्याचा १४ पूर्ण झाल्यावर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर जेवण टाळू नका. भारी पदार्थ सोडा, पण जेवणाचं प्रमाण कमी करू नका. प्रोटेस्टंट मंडळींना हे नियम लागू नाहीत, पण तव्यापाशी जे सांगितलं ते त्यांनाही लागू आहे. आणि चोरून भरमसाट खाऊन मग मुद्दाम ओकारी काढणं होत असेल, तर तो आजार आहे. धर्मगुरूंकडे कबुलीला जा, पण डॉक्टरांकडेही जा, आणि त्या काळात उपवास धरू नका.