आल्याचं जिरं कसं होतं?

प्रश्न असा आला आहे: ‘मुलगी नववीत फ्रेंच शिकते. “पॅरिसला जाईन तेव्हा लूव्र बघीन” असं लिहायचं होतं. तिने “काँ ज व्हे आ पारी” अशी सुरुवात केली. बाईंनी “ज व्हे” खोडून तांबड्या शाईत “जिरे” लिहिलं. जाणे म्हणजे “आले” ना? मग हे “जिरे” कुठून आलं? आणि “ज व्हे” हाही भविष्यकाळच असतो ना?’

बाईंचं बरोबर आहे. चूक मुलीचीही नाही, मधल्या इंग्रजीची आहे. आमच्याकडे फ्रेंच शिकायचं ते इंग्रजीच्या ओसरीवर बसून, हा खुळा रिवाज कधी जाणार कोण जाणे. इंग्रजीत ‘व्हेन’नंतर गोष्ट पुढची असली तरी क्रियापद वर्तमानात राहतं. फ्रेंच ‘काँ’ म्हणजे ‘जेव्हा’. पुढची गोष्ट असेल तर त्यानंतर भविष्यकाळच हवा. आपण घरी काय बोलतो? ‘जाईन तेव्हा बघीन.’ दोन्हीकडे भविष्य. पोरीने मनातलं मराठी वाक्य सरळ उतरवलं असतं तर ‘काँ जिरे आ पारी, ज व्हिझितरे ल लूव्र’ असं झालं असतं आणि तांबडी शाई वाचली असती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही हेच: ‘यदा ते मोहकलिलं बुद्धिर्व्यतितरिष्यति, तदा गन्तासि निर्वेदं’. यदाच्या वाक्यात भविष्य, तदाच्या वाक्यातही भविष्य. (त्या ‘गन्तासि’कडे लक्ष ठेवा, परत येतो.) ‘जर’ची गोष्ट मात्र निराळी. फ्रेंच ‘सि’नंतर वर्तमान लागतो आणि आपण भूतकाळी रूप वापरून ‘गेले तर बघीन’ म्हणतो. तिथे मराठीवर विसंबू नये.

रूपं चालवणं सोपं आहे, त्यात वेळ घालवत नाही. मूळ क्रियापद घ्या, शेवटी लिखाणातला मुका ‘अ’ असेल तर तो काढा आणि ए, आ, आ, ओं, ए, ओं लावा: पार्लरे, पार्लरा, पार्लरा, पार्लरों, पार्लरे, पार्लरों. लिहिताना सहा, कानाला तीन. या काळाचं फ्रेंच नाव ‘फ्युत्युर सांप्ल’. त्यातल्या ‘सांप्ल’चा अर्थ सोपा असं कुणी सांगत असेल तर तेही सोडा. ‘सांप्ल’ म्हणजे एकपदी, सहायक क्रियापद न लागणारा.

आणि इथेच खरी गंमत आहे, कारण हा एकपदी काळ मुळात दोन पदांचा होता! ते सहा प्रत्यय पुन्हा बघा. फ्रेंचमध्ये ‘जवळ असणे’ या अर्थाचं क्रियापद आहे ‘आव्वार’. त्याचा वर्तमानकाळ: ए, आ, आ, आव्हों, आव्हे, ओं. मधल्या दोघांचं ‘आव्ह’ उडवा, भविष्यकाळाचे प्रत्यय हातात येतात. जुन्या लॅटिनमध्ये ‘मी गाईन’ म्हणजे ‘कांताबो’. पण पुढे दोन स्वरांमधला ब आणि व एकसारखे ऐकू येऊ लागले आणि ‘प्रेम करील’ (आमाबित) व ‘प्रेम केलं’ (आमावित) यांत कानाला फरक उरेना. प्रेमाच्या बाबतीत हा घोळ परवडत नाही. लोक ‘कांतारे हाबेओ’ म्हणू लागले, म्हणजे ‘माझ्याकडे गाणं आहे’, ‘मला गायचं आहे’. ते झिजत झिजत ‘शाँतरे’ झालं.

याचा पुरावा सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या लॅटिन बखरीत सापडतो, आणि तो सापडतो एका थापेत. पकडून आणलेल्या इराणच्या राजाकडे रोमन सम्राट जस्टिनियन प्रांत परत मागतो. राजा म्हणतो, ‘नोन दाबो’, देणार नाही. सम्राट म्हणतो, ‘दारास’, देशील! म्हणून म्हणे त्या जागेच्या शहराचं नाव दारास पडलं. व्युत्पत्ती साफ खोटी. दारा हे शहर जस्टिनियनच्या आधी सम्राट अनास्तासियसने वसवलं होतं. पण बखरकाराच्या डोक्यात ‘दारे हाबेस’चं (‘तुला द्यायचं आहे’) ‘दारास’ होऊन बसलं नसतं तर त्याला ही कोटी सुचलीच नसती. राजा जुनं लॅटिन बोलतो आणि सम्राट उद्याचं स्पॅनिश, कारण स्पॅनिशमध्ये ‘तू देशील’ला आजही ‘दारास’च म्हणतात. खोट्या व्युत्पत्तीच्या पोटात खरी व्युत्पत्ती असण्याचं इतकं सुरेख उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. पुढे 842 सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथेत, म्हणजे फ्रेंचच्या सर्वांत जुन्या लेखी नमुन्यात, ‘साल्व्हाराइ’ (रक्षीन) आणि ‘प्रिंद्राइ’ (घेईन) ही रूपं राजाच्या तोंडी आहेत, म्हणजे तोवर सांधा पुरा बसला होता. पोर्तुगीजमध्ये तो अजून सुटा होतो. ‘मी तुला देईन’ला शिष्ट पोर्तुगीजमध्ये ‘दार-त-एइ’ म्हणतात, ‘तुला’ थेट क्रियापदाच्या फटीत! गोव्यात जुने पोर्तुगीज कागद वाचणाऱ्यांना हे रूप नवं नसेल.

आता ‘गन्तासि’. गन्ता म्हणजे जाणारा, असि म्हणजे आहेस. जाणारा आहेस, म्हणजे जाशील. संस्कृतचा लुट् लकार (तिथल्या दोन भविष्यकाळांपैकी एक) तो हाच: कर्ता अधिक अस्मि, कर्तास्मि. लॅटिनने ‘जवळ असणे’ घेतलं, संस्कृतने नुसतं ‘असणे’. बाकी सुतारकाम तेच. मराठीने लुट् टाकून दिला आणि मग तोच पुन्हा घडवला: करणारा, आहे, ‘करणार आहे’. सांधा अजून ताजा आहे एवढंच.

जर्मन भाषापंडित कार्ल फोसलर सांगायचे की लॅटिन भविष्यकाळ मेला, कारण सामान्य माणसाला उद्याची अमूर्त कल्पना पेलत नाही. दुसरे भाषापंडित एउजेनियो कोसेरिऊ यांनी उलट बाजूने सांगितलं की ख्रिस्ती धर्माने भविष्याकडे कर्तव्य म्हणून बघायला शिकवलं, त्यातून हे जोडरूप आलं. तेर्तुलियनसारख्या ख्रिस्ती लेखकांत ‘हाबेओ’ची अशी रूपं भाकितांच्या संदर्भात भेटतात, हे मान्य. पण पाणिनीला लुट् ठाऊक होता, आणि पाणिनी ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचा. त्याला कुठल्या धर्मोपदेशकाने कर्तव्य शिकवलं होतं? आणि फोसलरना उद्याची काळजी न करणारा सामान्य माणूस दाखवायचा असेल तर आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत कुणी तसा शोधून द्यावा. भाषेचा सांधा झिजला की नवा बसतो, त्यासाठी तत्त्वज्ञान लागत नाही.

माझं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते पटत नसेल तर सोडून द्या. पाणिनीचं सूत्र आहे ‘अनद्यतने लुट्’. आज सोडून पुढचं, त्याला लुट्. म्हणजे चिकटून एक झालेलं रूप वर्तमानापासून लांबचं. आता फ्रेंच घ्या. ‘एल व्हा आव्वार अं नाँफाँ’ म्हणजे तिला मूल होणार आहे: दिवस गेलेत, डोहाळजेवणाची तारीख ठरवा. ‘एल ओरा अं नाँफाँ’ म्हणजे तिला मूल होईल: कधीतरी, आशीर्वाद समजा. मराठीतही रेषा तिथेच आहे! ‘होणार आहे’ आणि ‘होईल’ यांची अदलाबदल करून बघा, सासू कान टवकारेल. जोवर सहायक सुटं आहे तोवर त्याचा एक पाय आजच्या जमिनीवर असतो. ‘आहे’ हे ‘आहे’ म्हणून ऐकू येतं, ‘व्हा’ हे ‘चालली आहे’ म्हणून. सांधा पुसला गेला की पाय सुटतो आणि क्रिया लांब जाते. म्हणूनच ‘ज व्हे’ (मी चालले) आणि पुढे मूळ क्रियापद अशा रूपाला पुस्तकं ‘निकटचा भविष्यकाळ’ म्हणतात ते मला खटकतं. दहा वर्षांनंतरच्या गोष्टीलाही ‘ज व्हे’ चालतं, फक्त तिची तयारी आजपासून दिसायला हवी. ‘करील’ हे तर जुन्या ‘करी’ला ल चिकटून झालेलं रूप; तो ल कुठला यावर पंडित भांडतात, आणि ‘करीन’मधल्या न वर त्याहून जास्त.

अनियमित म्हणून पाठ करायला लावतात ती रूपंही बरीचशी तोंडाच्या सोयीची आहेत. ‘व्हनीर’ (येणे) याचं ‘व्ह्यँद्रे’ होतं. द कुठून आला? न आणि र एकमेकांना भिडले की जीभ मध्ये द टाकते. आपल्या वानराचं वांदर झालं ते असंच. म आणि र भिडले तर ब येतो: लॅटिन ‘कामेरा’ची फ्रेंच ‘शाँब्र’ (खोली) झाली तशी आम्राची आंब्र, त्याचा आंबा. आंबा खाणाऱ्याने ‘व्ह्यँद्रे’ला अनियमित म्हणू नये.

हो, जिरे राहिलंच. फ्रेंच ‘जाणे’ तीन घरचं आहे. ‘आले’ एका घरचं, ‘व्हे’ लॅटिन ‘वादेरे’चं आणि भविष्यकाळ लॅटिन ‘ईरे’चा, जो आपल्या संस्कृत ‘एति’चा सख्खा भाऊ. जिरे, इरा, इरा, इरों, इरे, इरों. मुलीला हे विचित्र वाटलं तर तिला विचारा, ‘जातो’चं ‘गेला’ कसं होतं? आणि ‘ज व्हिझितरे’ तिने बरोबर लिहिलं होतं का ते तुम्ही कळवलंच नाहीत.